सातचा भोंगा

आमच्या गावाला वाईट सवयीनं न्हाई बुडवलं. वाईट सवयी काय कमी हायत व्हय आमच्यात? तंबाखू हाय, बांधावरनं भांडणं हायत, लग्नात रुसणं-फुगणं हाय. पर त्यातल्या एकीनं बी कवा कुणाचा जीव घेतला न्हाई. जीव घेतला त्यो दोन चांगल्या सवयींनी. म्हणून तर शिव्या कुणाला द्यायच्या ते कळंना झालंय मला, आन् शिव्या दिल्याबिगर माझं अन्न पचत न्हाई, हे अख्ख्या कुरणवाडीला ठावं हाय.

मी राहीबाई. आमचं गाव आष्ट्यापासनं खाली, कृष्णेच्या काठाला. आमचं घर वरच्या आळीला, उंचावर. माझी थोरली जाऊ धोंडुबाई, तिचं घर नदीकडच्या आळीला, अगदी शेवटचं. मी तिला आक्का म्हणायची. दीर जाऊन लय वर्षं झाली, पोरगा दादासो पुण्याला कंपनीत, सून रेवती बी तिकडंच. आक्का एकटीच राहायची. गुडघं पार गेलेलं, काठी घेतल्याबिगर उंबरा वलांडता यायचा न्हाई. तोंड मात्र धडधाकट. आमचं दोघींचं दिवसातनं एकदा तरी वाजायचंच, आन् एखाद्या दिशी न्हाई वाजलं तर मीच जाऊन बघायची, म्हातारी आजारी हाय का काय.

"आवं आक्का, वर चला की आमच्यात राहायला," मी किती येळा म्हणलं असंल. "तुझ्या हातचं मिळमिळीत कालवण खायाला?" म्हणायची. झालं, विषय संपला.

आता पहिली चांगली सवय सांगते. आमचं मालक नाथाजी, फौजेतनं हवालदार होऊन आलेलं. ह्यांनी फौज सोडली, पर फौजेनं ह्यास्नी न्हाई सोडलं. घरात पाणी मागायचं तरी हुकूम केल्यागत मागणार. कडेगावाकडं एका गावात रोज संध्याकाळी भोंगा वाजवून टीव्ही-मोबाईल बंद करत्यात, असं ह्यांनी ऐकलं आन् डोक्यात घेतलं. ग्रामपंचायतीवर भोंगा बसवला. सात वाजलं की भोंगा. टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरांनी पुस्तक धरायचं, म्हाताऱ्यांनी हरिपाठ म्हणायचा. साडेआठला दुसरा भोंगा, मग घाला काय धिंगाणा घालायचा त्यो. पहिल्यांदा लोकं हसली. मग पोरांचं मार्क वाढलं, तवा हसायची बंद झाली. बाहेरगावची माणसं बघायला यायला लागली आन् आमचं मालक मिशीला पीळ देऊन त्यास्नी भोंगा दाखवायला लागलं.

सगळ्या गावात ह्यो नेम कुणी काटेकोर पाळला असंल, तर आमच्या आक्कानं. तिला घड्याळ कळायचं न्हाई, मोबाईलवरचं बारीक आकडं दिसायचं न्हाईत. तिची सकाळ दूधवाल्याच्या हाकेवर व्हायची, दुपार एसटीवर आन् संध्याकाळ भोंग्यावर. भोंगा झाला की तिचं सात वाजलं. मग मोबाईलचं बटण दाबून त्यो पार बंद करायचा, भिंतीतल्या फळीवर डब्यात ठेवायचा, आन् हरिपाठाला बसायचं. साडेआठचा भोंगा होईस्तवर डब्याला हात लावायची न्हाई.

"आवं आक्का, तुमास्नी कुठल्या परीक्षेला बसायचंय?" मी चिडवायची.

"पोरं बघत्यात गं राही. म्हातारीनंच ऐकलं न्हाई, तर पोरं कशाला ऐकतील?"

दुसरी चांगली सवय पुरातनं आली. एकोणीसच्या पुरात आमी शाळेच्या वरच्या मजल्यावर अडकलो हुतो. लाईट गेलेली. जो तो पावण्या-रावळ्यांना फोन लावून रडत बसला, आन् बोटवाल्यास्नी बोलवायची येळ आली तवा एक फोन चालू न्हवता. कुणाच्याच फोनात जीव उरला न्हवता. मालकांनी तवापासनं गाठ मारली. शाळेत पोचलं की फोन बंद करायचा, चार्जिंग वाचवायचं. फकस्त ह्यांचा आन् ट्रॅक्टरवाल्यांचा फोन चालू. ह्यात तरी काय वाईट हाय, सांगा मला.

अवंदा उन्हाळ्यात साताऱ्यासनं शिवांजली नावाची पोरगी आली. कुठल्या संस्थेची हुती. म्हाताऱ्या माणसांना पुराची तयारी शिकवायला आलेली. म्हणलं, आता ही काय शिकवणार आमास्नी, हिच्या जन्माच्या आधीपासनं आमी पूर बघतोय. पर पोरगी गोड हुती आन् कष्टाची हुती. म्हाताऱ्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसायची. तिनं प्रत्येकाला पिशवी भरायला लावली. गोळ्या, चष्मा, आधार कार्ड, एक लुगडं, बिस्किटाचा पुडा, सगळं प्लास्टिकात. ज्याला चालता येत न्हाई त्याला एकेक धडधाकट माणूस नेमून दिला. आक्काला धनाजी दिला. धनाजीकडं ट्रॅक्टर हाय. आक्का, अर्जुना म्हातारा आन् बौद्धवाड्यातली बाळाबाई, ही तिघं त्याच्या ट्रॉलीची. त्यानं आधी फोन लावायचा, मग दारात यायचं.

इशारा कसा द्यायचा, ह्यावर बसून बोलणं झालं. शिवांजली म्हणली, "काका, पुराला वेगळा आवाज ठेवला तर?"

मालक म्हणलं, "भोंगा सातला वाजला तर अभ्यास. अवेळी वाजला तर पूर. आता घड्याळ कुणाकडं न्हाई? प्रत्येकाच्या खिशात मोबाईल हाय."

तिला बी पटलं. मला बी पटलं. सगळ्यांनी माना डोलवल्या, आन् आक्कानं सगळ्यात जोरात डोलवली.

रंगीत तालीम घेतली ती भर सकाळी, कडक उन्हात. भोंगा वाजला. दिवसाउजेडी वाजला, त्यामुळं लहान पोराला बी कळलं की हा सातचा न्हवं. धनाजीनं फोन लावला, दारात गेला, तर आक्का आधीच पिशवी खांद्याला लावून वट्ट्यावर बसलेली. शाळेत पोचल्यावर फोन बंद केलेली पहिली तीच. शिवांजलीनं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आन् तिला बॅटरी बक्षीस दिली. म्हातारी लाजली की हो! त्या संध्याकाळी तिनं दादासोला पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. मी शेजारीच बसले हुते. म्हणली, "पाणी आलं आन् माझा फोन बंद लागला तर जिवाला घोर लावून घेऊ नगंस. फोन बंद म्हंजे मी शाळेत पोचले म्हणून समज."

श्रावणात पाऊस बसला त्यो उठायचं नाव घेईना. पाऊस नवा न्हाई आमाला, पर ह्या पावसाचं लक्षण बरं न्हवतं. नदी गढूळ न्हवं, काळपट दिसायला लागली. आन् तिचा आवाज गेला. रोज खळाळणारी बाई एकदम गप्प झाली की घरातल्यांनी समजून घ्यावं, तसं झालं. घाटावरची कुत्री वरच्या आळीला येऊन बसली. एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसली, भुंकंनात का भांडंनात. उसाच्या फडातनं साप निघून रस्त्यावर यायला लागलं, आन् कुणी मारायला बी काठी उचलंना. मला रातीचं झोपताना छातीवर कायतरी ठेवल्यागत वाटायचं. मालकांना म्हणलं, तर म्हणालं, "पित्त झालं असंल."

त्या दिशी सकाळपासनं लाईट न्हवती. दुपारी मी आक्काकडं जाऊन आले. दारातनंच ओरडले, "आवं, चला वर, आजच चला!"

"भोंगा होऊ दे की. धनाजी येणार हाय न्हवं का? माझ्यामुळं नेम मोडायचा आन् पोराचा हेलपाटा व्हायचा," म्हणली. पिशवी खुंटीला तयार, काठी दाराशी, बॅटरी उशाला. माझ्यापेक्षा तिची तयारी बरी हुती. "मरा तिकडं!" म्हणून आले. आमचं बोलणं असलंच हुतं, काय सांगू तुमाला. रोजचं हुतं ते. पर ते माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

सहाच्या सुमाराला तहसील कचेरीतनं फोन आला. धरणाचं पाणी वाढवलंय, नदीकडची आळी लगोलग रिकामी करा. मालक पळत पंचायतीत गेलं. भोंगा बॅटरीवर हुता. वाजला.

आभाळ एवढं भरलेलं की घरात दिव्याबिगर हात दिसंना. पत्र्यावर पाऊस ताशा बडवल्यागत. मी पिशवी घेतली, चूल विझवली आन् आक्काला फोन लावला. फोनातली बाई बोलली, मोबाईल बंद आहे. मी मालकांच्या चुलत पुतण्याच्या बायकोला, रेश्माला म्हणलं, "बघ गं म्हातारीची तडफ! आपण अजून दारात आन् ही शाळेत पोचून फोन बंद करून बसली बी!" हसले मी. हसले, सांगते तुमाला.

शाळेत ही गर्दी. वरच्या मजल्यावर चार खोल्या, चारीत माणसं, ओली कापडं, रडणारी पोरं, शेळ्या सुदिक आणलेल्या. मेणबत्तीच्या उजेडात कोण कुठं बसलंय ते कळत न्हवतं. मी बायकांना जागा करून देत, ह्याला दटाव, त्याला गप कर, असं करत फिरत हुते. धनाजी ट्रॉलीतनं अर्जुनाला आन् बाळाबाईला घेऊन आला, पाण्यानं निथळत. मालकांनी जिन्यातनंच विचारलं, "धनाजी, तुझी तिघं?"

"आली काका. आक्कांचा फोन बंद लागला दोनदा. आधीच आल्यात कुणाबरं तरी. दूधवाल्या गुंडाचा टेंपो फिरत हुता तिकडं."

मालकांनी मान हलवली, आन् धनाजी उरलेली माणसं आणायला परत पाण्यात गेला. माझ्या कानावर पडलं हे. मला त्यात काय वावगं वाटलं न्हाई. मीच मघाशी तेच बोलले हुते.

मग कुणीतरी स्टोव्ह पेटवला, चहा झाला. आक्काला साखरेचा आजार. मी तिचा बिनसाखरेचा कप वेगळा काढला आन् निघाले तिला शोधायला. पहिल्या खोलीत न्हाई. दुसऱ्या खोलीत न्हाई. "आक्का, वं आक्का!" मी वरडले. तिसऱ्या खोलीत बाळाबाई भिंतीला टेकून बसली हुती.

"धोंडुबाई? मी न्हाई बघितली," ती म्हणली. मग गुडघं चोळत सहज म्हणली, "काय काळोख हो त्यो! मला तर वाटलं सातचाच भोंगा झाला. मोबाईल बंद करून बसले बी हुते. आमच्या प्रियंकानं हाक मारली, आज्जी, अजून सहाच वाजल्यात, ह्यो पुराचा हाय. तवा उठले."

मी कप तिथंच बाळाबाईच्या पुढ्यात ठेवला. बाळाबाईला हाक मारायला नात हुती. आक्काच्या घरात हाक मारायला कोण हुतं? जिचं सातच मुळात भोंग्यानं वाजतंय, तिला अवेळीचा भोंगा कसा कळावा? ती नेम पाळून बसली हुती. मोबाईल डब्यात ठेवून, दार लोटून घेऊन, हरिपाठ म्हणत. आन् तिचा फोन बंद हाय म्हणून आमी सगळी इकडं निवांत.

मी जिन्यात जाऊन अशी काय किंचाळले की शेळ्या बुजल्या. मालक धावत आलं. मी सांगितलं तसं ते तडक जिना उतरलं. धनाजी तेवढ्यात परत आला हुता. त्यानं ऐकलं आन् तसाच ट्रॅक्टर चालू केला. ही दोघं गेली. आमी गॅलरीतनं बघत हुतो. मारुतीच्या देवळापतोर ट्रॅक्टरचा दिवा दिसला. मग त्यो दिवा थांबला. पाणी इंजनात गेलं हुतं.

मागनं चार पोरं दोर घेऊन गेली आन् त्यांनी दोघास्नी वढून आणलं. पोरं सांगत हुती, मालक छातीएवढ्या पाण्यात उभं राहून "वहिनी! वहिनी!" म्हणून हाका मारत हुतं, माघारी फिरायलाच तयार न्हवतं. चाळीस वर्षांत मी ह्या माणसाला एवढ्या मोठ्यानं रडताना बघितलं न्हवतं. मी त्यास्नी बोलले. वाटंल ते बोलले. तुमचा भोंगा, तुमची शिस्त, तुमचं चार्जिंग. धनाजीकडं वळले, तर त्यो स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत हुता. त्याला काय बोलू? पोरानं त्या पाण्यातनं किती माणसं काढली हुती त्या संध्याकाळी. कुणी आळस केला असता, कुणी दारू पिऊन पडला असता, तर बरं झालं असतं. धरून हाणला असता त्याला. पर सगळी आपापल्या जागी नीट वागली हुती.

ती रात मी सांगत न्हाई.

सकाळी बोट आली. पाऊस थांबला हुता आन् पाणी गावात गप उभं हुतं. बोटवाल्यांबरं धनाजी गेला घर दाखवायला. लय येळ लागला त्यास्नी. बोट परत येताना दिसली, तवा धनाजी पुढं बसला न्हवता, मागं खाली बसला हुता, मांडीवर कायतरी घेऊन. मी गॅलरीतनंच वळखलं. हिरवं लुगडं हुतं, मीच दिलेलं.

शाळेच्या पायरीवर तिला उतरवली. खांद्याला पिशवी हुती. शिवांजलीनं भरायला लावलेली तीच. म्हंजे कळलं हुतं तिला. पाणी उंबऱ्यातनं आत आलं तवा तरी कळलं हुतं, आन् ती उठून, पिशवी अडकवून, धनाजीची वाट बघत हुती. धनाजी म्हणला, दाराच्या मागंच सापडल्या. फोन फळीवर डब्यातच हुता. मी तिच्या तोंडावरचा चिखल माझ्या पदरानं पुसला. आवं आक्का, एवढं ऐकायचं असतं व्हय कुणाचं? एवढं शहाणं व्हायचं असतं व्हय? एकदा तरी माझ्यागत हट्टी व्हायचं, नेम मोडायचा, शिव्या द्यायच्या, वर यायचं! मी तिच्यापाशी बसून भांडत हुते आन् ती पहिल्यांदा मला उलटं बोलत न्हवती.

तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आन् फोन तसाच धरून ठेवला. फोन मी घेतला. पुण्यासनं दादासो हुता.

"काकी, मी दादासो. कसं हाय तिकडं? टीव्हीवर बघतोय, पार पाणीच पाणी दिसतंय."

"पाणी हाय," मी म्हणलं.

"काल साडेआठ वाजल्यापासनं आईला लावतोय, फोन बंद हाय. पहिल्यांदा काळजात धस्स झालं बघ. मग आठवलं, तिनंच सांगून ठेवलंय. रेवतीला म्हणलं, आई शाळेत पोचली, झोप आता. आमी दोघं बी झोपलो मग. फरशीवर बसून गुडघं दुखत असतील काकी तिचं. पिशवीत मलम हाय, तिला आठवण कर की. आन् दोन मिंटं दे तिच्याकडं फोन, आवाज ऐकतो फकस्त."

मालकांनी हात पुढं केला, माझ्याकडनं फोन घ्यायला. मी दिला न्हाई. हे काम त्यांच्यानं झालं नसतं.

"दादासो," मी म्हणलं, "तुझी आई शाळेत आली न्हाई रं बाळा."

मग त्यो हळूच बोलला, लहान पोरानं न कळलेलं गणित विचारावं तसा.

"असं कसं काकी? फोन तर बंद हाय तिचा."